मार्था हॉलिसमधले पाणी

१

“वाळूकडे बघा आणि दोर ओढा, बायांनो! बोटीकडे बघत बसू नका. तिची काळजी तिची ती घेते.”

रूबेन व्हेरिलचा हा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. वादळात एखादे जहाज खडकावर आले की आम्ही स्केलविकच्या बाया कमरेइतक्या पाण्यात उतरून लाइफबोट समुद्रात लोटायचो. वल्ही मारायला पुरुष, लोटायला बाया, आणि सुकाणूपाशी उभा राहून आम्हां सगळ्यांवर ओरडायला रूबेन. तो त्या बोटीचा तांडेल. बोटीचे नाव ‘मार्था हॉलिस’.

तेव्हा आम्ही तरुण होतो. मी सांगते आहे ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, दुसरे महायुद्धही संपून गेल्यावर, एका ऑक्टोबरात घडले.

त्या रविवारी सकाळपासून धुके होते. वारा नव्हता, पण आदल्या वादळाच्या लाटा अजून उसळत होत्या. चॅपलमधली प्रार्थना झाली, जेवणे झाली. दुपारी धुके विरले तेव्हा बंदराच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर, मार्था हॉलिस काठोकाठ पाण्याने भरून बसलेली दिसली. आत कुणीही नव्हते. अंधार पडायच्या आत रूबेन सापडला. दक्षिणेच्या कड्याखाली, बोटीपासून बराच लांब, वाळूवर पालथा. चौघांनी त्याला फळीवर घालून वर आणले. पुढचे टोक त्याच्या जावयाने, सायलस थीकरने, धरले होते.

कॉन्स्टेबल ब्रॅग मला रूबेनच्या स्वयंपाकघरात भेटला. माणूस वाईट नाही, पण आतल्या मुलखातला. त्याने टेबलाकडे बोट दाखवले. रूबेनचे घड्याळ, चाकू, तंबाखूची डबी आणि त्याच्या गेलेल्या बायकोचा फोटो. फोटो तो कायम छातीच्या खिशात ठेवायचा. सगळे ओळीने मांडलेले.

“मिसेस कॅपलमन, माणूस असं कधी मांडून जातो?” ब्रॅग हळूच म्हणाला. “आणि बोटीत पाणी उपसायची बादली होती. तिच्या हुकाला, बांधलेली. पंपाचा दांडाही बांधलेला. त्यानं हातसुद्धा लावला नाही. पाणी भरत गेलं आणि तो बसून राहिला.”

“मग?”

“मग काय. परवा सकाळी वाचनालयात मृत्यूची चौकशी आहे, तिथं कॉरोनरसमोर मला हेच सांगावं लागणार. म्हाताऱ्यानं आपल्या जुन्या बोटीत जाऊन जीव दिला.”

दारात कुणीतरी श्वास ओढला. रूबेनची मुलगी हॅना तिथे उभी होती, आणि तिने सगळे ऐकले होते.

२

सोमवारी सकाळी मी हॅनाकडे गेले. तिच्या आईची मी मैत्रीण, म्हणून ती मला मावशी म्हणते. सायलस टेबलाशी बसला होता आणि पावाचे करपलेले टोक कडाकडा चावत होता. हॅनाने काही खाल्लेले नव्हते.

“बाबांनी जीव दिला असं कागदावर चढलं तर मी काय करू, मावशी?” ती म्हणाली. “कायद्यानं तो गुन्हा आहे. चॅपलमध्ये सगळे मला दया दाखवतील. बाबांनी किती लोकांना ओढून काढलं पाण्यातून. आणि त्यांचं नाव असं जायचं?”

“असं कुणी म्हणणार नाही,” सायलस म्हणाला.

“ब्रॅग म्हणाला की! तू होतास का तिथे ऐकायला?”

सायलसने मान खाली घातली. “शेवटपर्यंत जागा सोडली नाही त्यांनी, हॅना. ताठ. हात सुकाणूवर. जीव द्यायला निघालेला माणूस तसा नसतो.”

मला वाटले, किती चांगले बोलला बिचारा. हॅनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिला विचारले, “रविवारी बाबा चॅपलला का नव्हते?”

“खोकला. खिडकीशी बसून बायबल वाचतो म्हणाले. सायलसही नव्हता आला, याची दाढ ठणकत होती. मी एकटीच गेले.”

रूबेनच्या त्या खिडकीतून सगळा खडकांचा पट्टा दिसतो. धुके नसले तर. मी परत त्याच्या घरी गेले आणि टेबलापाशी उभी राहिले. घड्याळ, चाकू, डबी, फोटो. मग मी खुर्ची ओढून बसले.

हे मी पूर्वी पाहिले होते. एकदा नव्हे, कितीदा. माझ्या स्वतःच्या टेबलावर. वल्ह्यांच्या काळात लाइफबोटीवर निघताना आमची माणसे खिसे रिकामे करून जात. समुद्राकडून माणूस मागून आणायचा असेल तर घरचे काही सोबत न्यायचे नाही, नेले तर तो ते ठेवून घेतो, अशी समजूत. मासेमारीला जाताना सगळे खिशात असे. फक्त बचावाला जाताना नाही. मोटरबोट आली, लाइफबोटी चालवणाऱ्या संस्थेचे कपडे आले, आणि ही रीत वल्ह्यांबरोबर गेली. हॅना तेव्हा लहान होती. ब्रॅगला तर काय माहीत असणार?

रूबेन मरायला गेला नव्हता. तो कुणाला तरी वाचवायला गेला होता.

मी ब्रॅगला गाठून हे सांगितले. त्याने टोपी काढून डोके खाजवले.

“कुणाला, मिसेस कॅपलमन? एकही बोट हरवलेली नाही. एकही माणूस कमी नाही. आणि तुमच्या स्केलविकमध्ये रविवारी समुद्रावर असतं कोण?”

त्याचे खरे होते. रविवारी आमच्या गावात कुणी जाळेसुद्धा वाळत घालत नाही.

३

लाइफबोट म्हातारी झाली की संस्था ती विकते. मग तिचे काय होते ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. आमची पहिली बोट होड्या बांधणाऱ्या जॉस हॅक्सबीच्या यार्डात उलटी घातलेली आहे, जाळ्यांच्या कोठीचे छप्पर म्हणून. दुसरीत बेकरीवाल्याच्या कोंबड्या अंडी घालतात. तिसरी मार्था. ती फिरली. आधी दक्षिणेच्या नदीवर खडी वाहिली. मग एका चित्रकाराने तिला चिखलात रुतवून तिच्यात संसार थाटला, चूल, खिडक्या, फुलांच्या कुंड्या. शेवटी भंगारातून तिला मिस्टर पॉम्फ्रेटनी सोडवले. हे लीड्सचे निवृत्त दंतवैद्य. त्यांनी तिला यंत्र बसवले, केबिन बांधली, नाव बदलून ‘जलपरी’ केले आणि हौसेने आमच्याच बंदरात आणून बांधली.

ती आली त्या दिवशी रूबेनने धक्क्यावर टोपी काढली होती. नंतर रोज संध्याकाळी तो तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून येई. नावावरून त्याचे आणि पॉम्फ्रेटचे खटके उडत, ते सगळ्या गावाने ऐकले होते. आता लोक दबक्या आवाजात विचारत होते की त्या दातवाल्याने बोटीत काही करून तर ठेवले नव्हते?

आमची मोटर लाइफबोट त्या आठवड्यात उत्तरेला दुरुस्तीला गेली होती. म्हणजे रूबेनला काही दिसले असेल, तर बंदरात हाताशी होती ती मार्थाच.

पॉम्फ्रेट हॉटेलच्या ओसरीत बसले होते. डोळे सुजलेले.

“किल्ली केबिनच्या दारामागे खिळ्याला असते. त्याला माहीत होतं. मीच त्याला यंत्र चालवायला शिकवलं,” ते म्हणाले. “लोक म्हणतात आमचं भांडण होतं. होतं! तो मला म्हणायचा, ‘दातवाले, पोरीचं नाव बारशानंतर बदलत नाहीत.’ मी म्हणायचो, ‘तांडेल, लग्नानंतर बदलतात.’ रोज तेच. मला त्याची वाट बघायची सवय झाली होती हो.”

“बोटीत तुम्ही काय काय बदललंत?”

“सांगण्यासारखं काही नाही. तळात भोकं होती, ती बुजवली. लाट आली की त्यातून पाणी वर यायचं. माझ्या बायकोचे बूट भिजायचे.”

“रूबेनला हे सांगितलं होतंत?”

“नाही. का? वर गालिचा घातलाय. कळतसुद्धा नाही.”

भोके बुजवणारा गावात एकच होता. जॉस हॅक्सबी रंधा मारत होता. मला पाहून थांबला नाही.

“थर्झा, तू पोलिसात कधी भरती झालीस?”

“तू चहा विचारलास की सांगते.”

“चहा नाही. आणि बोलायचंही नाही मला.”

“पाणी बाहेर जायच्या तळातल्या नळ्या तू बुजवल्यास, जॉस.”

रंधा थांबला. तो फळीवर बसला.

“कुणीतरी बुजवल्या असत्याच. खडीवाल्यानं तिला तरंगत ठेवणाऱ्या बाजूच्या हवेच्या पेट्या काढल्या, जागा हवी म्हणून. चित्रकारानं कडा कापून दार केलं. ज्याच्या ज्याच्या हाती गेली त्यानं तिच्यातलं काहीतरी काढलं. माझ्याकडे आली तेव्हा फक्त नळ्या उरल्या होत्या.” त्याने तोंड पुसले. “रूबेन रोज यायचा. विचारायचा, ‘पोरगी बरी आहे ना?’ मी म्हणायचो, बरी आहे. काय सांगू त्याला? तुझ्या पोरीत आता काही राहिलं नाही, असं सांगू?”

४

घरी येऊन मी चूल पेटवली आणि तिच्यासमोर बसून राहिले. बादलीचे कोडे सुटले होते. पण सुटल्याचा आनंद होईना.

लाइफबोटीत बादली नसायची. एखादा नवा गडी पाणी पाहून ओंजळीने उपसायला लागला तर बाकीचे त्याला वर्षभर चिडवत. कारण ती बोट आपली आपण रिकामी होते. लाट आत आली, तळातल्या नळ्या उघडल्या, पाणी खाली गेले. एवढेच करायचे की नाळ लाटेसमोर धरायची, जागेवर घट्ट बसायचे, आणि थांबायचे. रूबेनने उभे आयुष्य गड्यांना हेच शिकवले.

तर रविवारी दांड्यावर पहिली लाट आत आली तेव्हा त्याने काय केले असेल? सुकाणू धरले आणि थांबला. दुसरी आली. थांबला. पाणी गुडघ्याशी, मांड्यांशी. हाताशी बादली होती आणि तिच्याकडे बघायचेही त्याला सुचले नसेल. मार्था त्याला फसवील हे त्याच्या मनात आलेच नसेल.

ब्रॅगला हे पटेल का? निम्मे. कुणाला वाचवायला गेला, ते सांगता आल्याशिवाय कॉरोनर बाकीचे ऐकणार नाही. बाईमाणसाची जुन्या रीतीभातीची बडबड म्हणेल.

दुपारी धक्क्यावर आरडाओरडा ऐकू आला. खडकांवर शेवंडे, म्हणजे लॉबस्टर, धरायचे पिंजरे लावणारी माणसे परत आली होती.

“रिकामे! लागोपाठ सगळे रिकामे!”

“शेवंडांना पाय फुटले असतील.”

“पाय नव्हे, हात. दारं उलटी बांधलीत बघ. कुणीतरी घाईत उचललेत.”

“शनिवारी संध्याकाळी तर मी पाहून आलो होतो. मग कधी? रविवारी?”

आमच्याकडे दुसऱ्याचे पिंजरे उचलणाऱ्याबरोबर कुणी बोटीत बसत नाही. त्याच्या मुलाबरोबरही नाही. रविवारी उचलणाऱ्याबद्दल तर शब्दही नाही.

म्हणजे रविवारी समुद्रावर कुणीतरी होते. चॅपलमध्ये नसलेले. संकटात सापडलेले, मग सुटलेले, आणि तोंड उघडू न शकणारे.

मी चॅपलच्या बाकांवरून मनातल्या मनात नजर फिरवली. कोण नव्हते? रूबेन, खोकल्याने. आणि एक जण, ठणकत्या दाढेने. त्याच दाढांनी दुसऱ्या दिवशी तो करपलेला पाव कडाकडा चावत होता.

आणि मग मला त्याचे वाक्य आठवले. ‘ताठ. हात सुकाणूवर.’ रूबेन सापडला तो वाळूवर, पालथा, बोटीपासून लांब. बोट सापडली ती रिकामी. मग सुकाणूवर हात ठेवून बसलेला रूबेन सायलसने पाहिला कधी?

५

सायलस जॉसच्या यार्डात होता. जुन्या बोटीच्या छपराखाली, जाळ्यांच्या ढिगावर, हातात काहीही काम नसताना.

“सायलस,” मी म्हणाले, “तू त्यांना कुठून पाहिलंस?”

त्याने माझ्याकडे पाहिले. नाकारील असे मला वाटले होते. खरे सांगायचे तर मी तशी प्रार्थनाच करत आले होते. पण त्याचा चेहरा ओल्या कागदासारखा फाटला.

“मावशी, मला वाटलं ते सुखरूप आहेत.”

“सगळं सांग.”

“माझे पिंजरे सप्टेंबरच्या वादळात गेले. एकही उरला नाही. सासऱ्यांना सांगवेना. ते म्हणाले असते, वादळाच्या आधी उचलायचे कळलं नाही का? धुकं होतं, सगळे चॅपलमध्ये. म्हटलं, एकदाच. मग यंत्र बंद पडलं आणि बोट खडकांकडे जायला लागली. मी घाबरलो. मदतीची खूण म्हणून वल्हं उभं केलं, त्याला जाकीट बांधलं. कुणाला दिसेल याचा विचारच नाही केला. धुकं क्षणभर फाटलं होतं.”

“त्यांना दिसलं.”

“थोड्या वेळानं यंत्र लागलं. आणि मग त्यांची हाक आली. ‘तग धर, पोरा, आलो!’ मीच आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मावशी. ते सगळ्यांनाच पोरा म्हणायचे.” तो थांबला. “पायाशी दुसऱ्यांची शेवंडं पडलेली. मी ओ दिली नाही. कड्याच्या आडोशाला सरकलो. तिथून विरळ धुक्यात दिसले. दांड्यावर होते, बोट भरलेली, लाट अंगावरून जात होती. आणि ते नुसते बसलेले. ताठ.”

“आणि तू निघून गेलास.”

“लाइफबोट होती ना ती!” तो ओरडला, आणि छपराने तो आवाज परत आमच्यावर टाकला. “लहानपणापासून ऐकत आलोय, ती बुडत नाही. म्हटलं, आत्ता रिकामी होईल. त्यांना काय होणार? घाबरायचं काही कारण असतं तर ते हलले असते ना? ते हललेच नाहीत!”

रूबेन मार्थाकडे बघून थांबला होता, आणि हा रूबेनकडे बघून. मला त्याच्यावर रागवायचे होते. राग कुठे ठेवायचा ते सापडेना. पॉम्फ्रेटच्या बायकोच्या बुटांवर ठेवू? खडीवाल्यावर?

“उद्या चौकशी आहे, सायलस. तू बोलला नाहीस तर हॅनाच्या बापानं जीव दिला, असं लिहिलं जाईल.”

“आणि बोललो तर?”

मी खोटे बोलू शकले नाही. “तर या बंदरात तुला पुन्हा कुणी बोटीत घेणार नाही. आणि हॅनाचं मला माहीत नाही.”

त्याने जाळ्याचा एक पीळ उलगडला. मग म्हणाला, “तिला आधी सांगतो. तुम्ही दारात थांबाल?”

६

मी दारात थांबले. त्याने उभ्यानेच सांगितले, काही न वगळता. हॅना पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. सांगून झाले तरी ती मळतच राहिली, इतकी की ते पीठ आता कशाच्याही उपयोगाचे नव्हते.

“त्यांनी हाक मारली,” ती शेवटी म्हणाली. “आणि तू ऐकलीस.”

“ऐकली.”

“मी गुडघे टेकून देवाला विचारत होते की बाबांना काय झालं ते मला कळू दे. तू शेजारी बसला होतास, माझ्याबरोबर गुडघे टेकून.”

तिने पिठाचे हात पुसले.

“कॉरोनरला सांग,” ती म्हणाली. “असंच. जसंच्या तसं. पिंजऱ्यांसकट.”

“सांगतो.”

“मला शब्द दे.”

“दिला.”

मग तिने त्याला बाहेर जायला सांगितले. ती रात्र त्याने जाळ्यांच्या कोठीत काढली. मी माझ्या घरी आले, बायबल उघडले, नेहमीचे स्तोत्र वाचले, आणि एका ओळीनंतर दुसरी कशी आली ते मला आठवत नाही. हॅनाने जे मागितले होते ते तिला मिळणार होते. बापाचे नाव स्वच्छ राहणार होते. मी शोधून दिले होते. आणि मी तिच्या घरातून दुसरे काय उचलून नेले होते, ते मलाच दिसत होते.

मंगळवारी सकाळी वारा फिरला होता. मी टोपी घालून हॅनाच्या दारात पोचले तेव्हा सायलस आधीच तिथे उभा होता, नुसत्या जर्सीत, केसांना पाणी लावून. दार वाजवायचे धाडस त्याला होत नव्हते. मी वाजवले.

हॅनाने दार अर्धेच उघडले. तिच्या हातात त्याचा काळा कोट होता, इस्त्री केलेला.

“हा घाल,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “माझ्या बाबांच्या चौकशीला जर्सीत जायचं नाही.”

त्याने कोट घातला. बटणे लावताना त्याची बोटे चुकत होती. तिने ते पाहिले, हात किंचित पुढे आला, आणि मग तिने तो ॲप्रनखाली नेला.

“तू येणार नाहीस?” त्याने विचारले.

“येईन. मावशीबरोबर. तू पुढे हो.”

धक्क्यावर माणसे जमली होती, पिंजऱ्यांबद्दल बोलत. त्यांच्यातल्या एकाने त्याला मोठ्याने हाक मारली, “सायलस, इकडे ये, तुझं काय मत?” त्याने हात वर करून नुसते ‘नंतर’ असे खुणावले. मग कोटाची कॉलर नीट केली आणि वाचनालयाच्या चढणीला लागला, एकटा, घाई न करता.